तेविसावं नाव

"साहब, वो आपके गाँव वाले बुज़ुर्ग कैसे हैं?" तौफीकनं विचारलं, आणि लिफ्टच्या बटणावरचं बोट न काढता मी म्हणालो, "ठीक हैं." दार बंद झालं. आमचा जुना शेजारी आलोक, त्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं. माझ्या हातात मिठाईचा डबा होता. आरशात एक बावन्न वर्षांचा, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ उभा होता आणि तो चार वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची खुशाली नुकताच सांगून आला होता. गाववाले बुजुर्ग म्हणजे माझे वडील, आबा. तौफीक कुवेतच्या फरवानियातल्या या जुन्या इमारतीचा राखणदार, म्हणजे इथल्या भाषेत हारिस. तो काश्मीरातल्या पूंछकडचा. आम्ही इथं राहायचो तेव्हापासून तो आहे. आम्ही सहा वर्षांपूर्वी दस्मानला समुद्राजवळ राहायला गेलो, तो दारापाशीच राहिला. आत्ता तो जुम्म्याच्या नमाजाहून परतला होता, डोक्यावर जाळीची टोपी होती, आणि त्याच्या खुर्चीशेजारी दुसरी एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची रिकामी ठेवलेली होती. मी ती बघितली नाही असं मला म्हणता येणार नाही. मी आधी तीच बघितली होती.

"ठीक हैं" हे दोन शब्द किती सहज आले याचंच मला नवल वाटत होतं. खोटं बोलायला निदान थोडे कष्ट पडावेत, जीभ अडखळावी, घाम फुटावा. तसं काही झालं नाही. बाहेर जूनचं ऊन होतं, घाम आधीचाच होता. खरं सांगायचं तर ते माझं नवं खोटं नव्हतंच. सात वर्षांपूर्वी याच दाराशी मी एक खोटं बोललो होतो, आजचं त्याचंच पुढचं वाक्य होतं. आबा गाववाले झाले होते, आणि गाववाले मेले काय नि जगले काय, साहेबांना कुठं कळवलं जातं. मी दुसऱ्या मजल्याशी असताना मनात आलं, खाली जाऊन सांगावं. तिसऱ्याशी वाटलं, जेवण झाल्यावर सांगू. माझी सगळी चांगली कामं जेवणानंतरची असतात.

आलोक कुवेत कायमचं सोडून पुण्याला निघाला होता. म्हणून हे जेवण. वासंती, माझी बायको, सकाळपासूनच त्याच्या घरी मदतीला आली होती. घरभर खोकी होती. पंखे, भांडी, मुलांच्या ट्रॉफ्या, सगळ्यांवर मार्करनं आकडे घातलेले. आलोक बँकेत आहे, त्याचं सगळं आकड्यानं चालतं. एक गोष्ट मात्र त्यानं खोक्यात घातली नव्हती. हातसामानात नेणार होता. जाड, लाल बांधणीचा त्यांचा कुलवृत्तांत. त्यानं तो माझ्या मांडीवर ठेवला. "बघ, चौऱ्याण्णव पानावर आम्ही. हा मी, ही माझी लेक पूर्वी. पुढच्या आवृत्तीत नातवंडं येतील." छापील झाडं, फांद्या, प्रत्येक फांदीला नाव, नावाखाली जन्मगाव आणि पदवी. मी पानं उलटत म्हणालो, छान आहे, फार छान. मला ते खरंच छान वाटत होतं, म्हणून तर त्रास होत होता. "तुमच्याकडे असं काही आहे का रे?" आलोकनं विचारलं. वासंतीनं ताटं मांडता मांडता वर पाहिलं. तिला सगळं ठाऊक आहे. ती म्हणाली, "यांच्याकडे तर भाट यायचा. बावीस पिढ्या तोंडपाठ होत्या आबांना." "म्हणजे?" आलोकनं कुतूहलानं विचारलं. खऱ्याखुऱ्या कुतूहलानं, त्यात काडीचीही कुचेष्टा नव्हती. आणि मी म्हणालो, "ते आता काही राहिलं नाही. चल, जेवून घेऊ." वासंतीनं वरण वाढलं.

भाट यायचा तो दर तीन-चार वर्षांनी, सुगी आटोपल्यावर, राजस्थानातून. आमच्या गावात, तापीच्या काठी, शहाद्याच्या अलीकडे, सगळी वस्ती गुजरांची. घरात आम्ही गुजरी बोलायचो, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी, आणि भाट आला की तो या तिन्हींहून वेगळ्याच एका बोलीत गायचा. त्यातले निम्मे शब्द कळायचे नाहीत, पण नावं कळायची. त्याची वही हातभर लांबीची, लाल कापडात गुंडाळलेली. ती जमिनीवर ठेवत नसत. नव्या गव्हाची रास करायची, तिच्यावर वही, वहीला हळदकुंकू. मग तो कानावर हात ठेवून सुरू करायचा. भिनमाळहून निघाले विरमदे. विरमद्याचा हामीर. हामीरचा जोधा. गवत संपलं तसे माळव्यात उतरले, तीन पिढ्या तिथं राहिले. जोध्याच्या वंशात दला, ज्यानं पुरात गाईचं शेपूट धरून चार लेकरं नर्मदेपार केली आणि पाचवं बायकोच्या पोटात होतं. दल्याचा भोजा. भोज्यानं कसाण्यांची मुलगी केली, गंगा, ती येताना सात म्हशी घेऊन आली. हे सगळं ऐकताना बायका दाराआडून हसायच्या, कारण प्रत्येक वेळी म्हशींचा आकडा एकानं वाढायचा. असं करत करत तो ओंकारपर्यंत यायचा, ओंकारचा पुंजू, पुंजूचा सुपडू, आणि तिथं थांबायचा.

तिथं थांबायचाच रिवाज होता. शेवटचं नाव भाट घेत नसे, बापही घेत नसे. ज्याचं त्यानं सांगायचं. भाट विचारायचा, "आगळ कोण?", म्हणजे पुढचा कोण, आणि घरातला सगळ्यांत धाकटा मुलगा ओरडायचा स्वतःचं नाव. मग भाट विचारायचा, "कुठं बसला?" त्यावर म्हणायचं, "बापाजवळ." तेवढं म्हटलं की वही मिटायची आणि गूळ वाटायचा. मुलगा हजर नसेल तर भाट तिथं एक ओळ कोरी सोडून 'बाकी' लिहायचा. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सहा वर्षांचा होतो. इतक्या जोरात ओरडलो की राशीवरचं कबुतर उडालं. "बापाजवळ!" आबांचा हात माझ्या मानेवर होता. त्या हाताला तंबाखूचा आणि सरकीचा वास यायचा. पुढं कितीतरी वर्षं मला वाटत होतं की बावीस माणसं भिनमाळपासून चालत निघाली ती मला त्या राशीपाशी आणून बसवण्यासाठीच.

पुण्याला इंजिनियरिंगला गेलो आणि हे सगळं आवरून ठेवावं लागलं. कुणी मला काही वाईट बोललं असं नाही, उगाच दोष कशाला देऊ. एकानं विचारलं, "गुजर म्हणजे गुजराती का?" मी म्हणालो नाही. "मग राजस्थानी?" नाही. "मग मराठा?" त्यावर मी गप्प राहिलो. त्या गप्प बसण्यात इतकी सोय होती की पुढं मी कायम तिथंच राहिलो. आडनाव पाटील, महाराष्ट्रात पाटलाला कोण विचारतं. अडचण होती ती वडिलांच्या नावाची. आजीची आधीची तीन बाळं गेली होती, म्हणून आबा जन्मल्या जन्मल्या त्यांना सुपात घालून ठेवलं, मृत्यूला वाटावं टाकून दिलंय. म्हणून सुपडू. गावात चार सुपडू होते, कुणाला त्याचं काही नव्हतं. हॉस्टेलात मी नंदकुमार एस. पाटील झालो. वासंतीच्या वडिलांनी लग्नाआधी विचारलं, एस म्हणजे? मी म्हणालो, सुभाष. लग्नाच्या पत्रिकेत आबांचं नाव सुभाषराव छापून आलं. आबांनी ती पत्रिका चष्मा लावून वाचली, घडी केली, आणि म्हणाले, "चांगलं शे नाव. मोठ्या माणसाचं वाटतं." त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली.

कुवेतला कागदपत्रं करताना मात्र एस चालत नाही. पासपोर्टावर पूर्ण नाव. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा माणूस, माझं नाव मोठ्यानं वाचायचा आणि मी आजूबाजूला बघायचो, कुणी मराठी आहे का. माझं काम अहमदीला तेल कंपनीच्या कचेरीत, ड्रॉइंगच्या नोंदी ठेवण्याचं. एका पाइपाचं चित्र बदललं की नवीन प्रत येते, जुनीवर शिक्का बसतो, पण जुनी फेकत नाहीत. कधीच नाही. १९५८ सालच्या व्हॉल्वचंही चित्र माझ्याकडे आहे. साहेब लोक म्हणतात, नंदकुमारकडे सगळं सापडतं. गारेगार खोलीत बसून मी सत्तावीस वर्षं हे करतो आहे. साइटवर मी कधी गेलो नाही, तशी वेळच आली नाही. ही गोष्ट इथं मुद्दाम सांगतो.

आबा कुवेतला आले ते दोन हजार अठराच्या ऑक्टोबरात, महिन्याच्या व्हिसावर. आई जाऊन वर्ष झालं होतं. पिशवीत धोतराची दोन पानं, टोपी, वासंतीसाठी शेंगदाण्याची चटणी आणि एक दोनशे पानी रेघी वही. वही कोरी होती. "भाटाची पोरं आता जीप चालवतात," ते म्हणाले. "म्हातारा भाट थकला. मला सगळं येतं, पण हात कापतो, लिहिता येत नाही. आणि सांगणाऱ्यानं लिहायचं नसतं. नंदू, तू उतरवून घे." मी म्हणालो, उद्या बसू. उद्या ओव्हरटाइम निघाला. परवा महाराष्ट्र मंडळाची मीटिंग. मग आमच्या मुलीची, ज्ञानदाची, परीक्षा. मी घरी आलो की आबा वही नि पेन टीपॉयवर नीट समांतर मांडून बसलेले असायचे, मी टीव्ही लावायचो. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वही पिशवीत ठेवली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. ते का, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी लिहायला बसलो असतो तर ते माझ्या अक्षरात झालं असतं. गवत शोधत हिंडणारी, गुरांची शेपटं धरून नद्या ओलांडणारी माणसं माझ्या अक्षरात माझ्या दस्मानच्या घरी आली असती, कारण तेव्हा आम्ही ते घर बघायला लागलो होतो.

दरम्यान आबांना तौफीक सापडला. दिवसभर घरात करमेना म्हणून ते खाली जाऊन बसू लागले. एके दिवशी संध्याकाळी मी दार उघडतो तो आबा उभे, डोळे लकलकत होते. "नंदू, खालचा तो पोऱ्या गुजर शे! आपलाच! मुसलमान शे, पण गुजर. कुळ काय सांगितलं माहीत आहे? कसाणा! अरे भोज्याची बायको कसाण्यांची. हाऊ तर मामाकडला निंघना!" बारा-तेरा पिढ्यांपूर्वीच्या सुनेच्या माहेरचा म्हणून आबांनी फरवानियातल्या राखणदाराला मामाकडचा ठरवून टाकलं होतं. तौफीकच्या घरीही म्हणे असंच नावं सांगणारा एक मिरासी यायचा, त्याच्या आजोबांच्या काळात. डोंगरात म्हशी घेऊन उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली. त्याची बोली आबांना निम्मी कळायची. निम्मी कळते एवढ्यावर दोघं तासन् तास बोलायचे. वासंती म्हणाली, बरं झालं, त्यांना कुणीतरी मिळालं. मी म्हणालो, हो, पण दारात बसतात, लोक ये-जा करतात. ती म्हणाली, मग?

मग तो मंगळवार. मी कामावरून येत होतो. दारात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीवर तौफीक, दुसरीवर आबा, पाय वर घेऊन मांडी घातलेले, धोतर गुडघ्यापर्यंत, बशीत चहा. कानावर हात ठेवून ते गात होते. मोकळ्या, शेतातल्या आवाजात. दल्यानं शेपूट धरलं तिथपर्यंत आले होते. माझ्या मागोमाग आलोक शिरला, त्याच्याबरोबर मुंबईहून आलेले त्याच्या बँकेचे कुणी वरिष्ठ, सूटमध्ये. आलोक हसून म्हणाला, "वा! हे कोण रे? तुझ्याकडे दिसले होते परवा." त्यानं फक्त विचारलं होतं. मला म्हणता आलं असतं, माझे वडील. दोन अक्षरं आणि तीन अक्षरं. मी म्हणालो, "गावाकडचे आहेत एक. मुलाकडे आलेत. मुलगा साइटवर असतो वफ्रा बाजूला, म्हणून चार दिवस आपल्याकडे." इतकं सविस्तर. सूटवाल्या गृहस्थांनी मान डोलावली. गाणं थांबलं होतं. कधी थांबलं ते मला कळलं नव्हतं, पण ते माझ्या वाक्याच्या आधीच थांबलं असणार, कारण आबांनी पाय खाली घेतले, धोतर सारखं केलं, बशी जमिनीवर ठेवली, आणि उभं राहून दोघांना हात जोडले. मग माझ्याकडे वळून मलाही जोडले. "नमस्कार, पाटील साहेब," ते म्हणाले.

वर घरी आल्यावर ते ज्ञानदाशी पत्ते खेळले, तिनं "आजोबा, दॅट्स चीटिंग" म्हटल्यावर हसले. मी संतापाची वाट बघत होतो, निदान रडण्याची. काहीतरी मिळालं असतं तर मी त्याला उत्तर दिलं असतं. दुसऱ्या दिवसापासून खाली दारात ते मला साहेब म्हणायचे आणि वर दाराच्या आत नंदू. कधी चुकले नाहीत. माझं खोटं त्यांनी इतकं नीट सांभाळलं की ते उघडं पडण्याची मला कधी भीती वाटली नाही. चार दिवसांनी म्हणाले, कापूस वेचणीला आलाय, तिकीट अलीकडचं मिळतं का बघ. मी बघितलं. मिळालं. विमानतळावर त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला, आणि मला पहिली गोष्ट सुचली ती ही की गाडी नो पार्किंगमध्ये आहे.

दोन हजार एकविसात ते गेले. विमानं बंद होती, हे कारण मला आयतं मिळालं. सगळे म्हणाले, काय करणार, तुमचा इलाज नव्हता. मी मान डोलावली. गेल्या वर्षी गावाहून चुलतभावाचा, अरुणकुमारचा, फोन आला. बोलता बोलता म्हणाला, भाटाकडच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, पेटीच्या पेटी, भुसा झाला नुसता. म्हातारा भाट आधीच गेलाय, पोरांना काही येत नाही. "आबांनी लिहून ठेवलंय का काही? तुला तरी सांगितलं असेल." मी म्हणालो, बघतो. मग थोडं थांबून तो म्हणाला, "भाटानं तीन वेळा वही वाचली होती रे तुझ्या मागं. तिन्ही वेळा तुमच्या घराला बाकी लिहिलं." फोन ठेवून मी कपाटातल्या आबांच्या पिशवीत पाहिलं. ते जाताना पिशवी विसरले होते, किंवा ठेवून गेले होते. वही तशीच होती. दोनशे कोरी पानं. विरमदे, हामीर, जोधा, मग मला दला आठवतो, भोजा आठवतो, आणि ओंकारपर्यंत मध्ये दहा-बारा माणसं आहेत जी मला आठवत नाहीत. पाइपापासून व्हॉल्वपर्यंत सगळं सापडतं माझ्याकडे.

जेवण झालं. श्रीखंड चांगलं होतं. आलोकला मिठी मारली, पुण्यात भेटू म्हणालो. वासंती म्हणाली, मी भांडी आवरून येते, तुम्ही गाडी थंड करा तोवर. मी खाली आलो. तौफीक खुर्चीत बसून होता. मी त्याच्या समोरून दोन पावलं पुढं गेलो आणि मग परत फिरलो. "तौफीक," मी म्हणालो. "वो बुज़ुर्ग... वो गुज़र गए. चार साल हुए."

तो उठून उभा राहिला. "मालूम है, साहब," तो म्हणाला. "हर ईद को उनका फ़ोन आता था. चार साल से नहीं आया."

"मग मघाशी विचारलंस का?" हे मी मराठीत विचारलं, तसंच तोंडातून आलं. त्याला ते कळलं. "आप से सुनना था," तो म्हणाला. त्यात टोचणं नव्हतं. तो खिशातून फोन काढत होता. काच तडकलेला, पट्टी लावलेला फोन. "मैंने तीन फ़ोन बदले, साहब. हर बार पहले ये डाला. उनकी अमानत है. आपके घर किसी को चाहिए होगी." त्यानं बटण दाबलं आणि त्या तापलेल्या दारात आबा गायला लागले.

मी रिकाम्या खुर्चीत बसलो. आवाजामागं मोटारींचे हॉर्न होते, लिफ्टचं दार, कुणाची तरी चप्पल. विरमदे. हामीर. जोधा. माळवा. दला आला, त्यानं शेपूट धरलं, लेकरं पार झाली. भोजा. "उसकी औरत कसाणा की थी, गंगा, सात भैंस लाई." तौफीकचा आवाज, हसत: "कल तो आठ बोला था, चाचा." मग ती नावं, जी मला आठवत नव्हती, एकेक करून आली. लखमण. काळू. नारू. हेमा. दुसरा जोधा. त्यातला प्रत्येक जण मला नवा होता आणि प्रत्येकाचं नाव आबा घाई न करता, पुरतं उच्चारत होते, त्याला बसायला जागा करून द्यावी तसं. ओंकार. ओंकारचा पुंजू. पुंजूचा सुपडू. सुपडूचा... आणि गाणं थांबलं.

"आगे?" रेकॉर्डिंगमधल्या तौफीकनं विचारलं. "वो आपका बेटा, जो साइट पे है. उसका नाम?"

"उसका नाम वो खुद बोलेगा. हमारे में बाप नहीं बोलता." मग आबांचा आवाज, खालच्या पट्टीत. "वो आएगा. तू थांब. आएगा तो पूछना, कहाँ बैठा है?"

"वो क्या बोलेगा?"

"वो उसको मालूम है."

रेकॉर्डिंग संपलं होतं तेव्हा लिफ्टचं दार उघडलं आणि आलोक बाहेर आला, हातात माझा चष्मा. "अरे, हा टेबलावरच राहिला!" त्यानं मला त्या खुर्चीत पाहिलं, तौफीकच्या हातातला फोन पाहिला. "काय चाललंय?"

मी तोंड उघडायच्या आत तौफीक म्हणाला, "कुछ नहीं, साहब. पुराना गाना है. साहब को सुना रहा था." फोन त्यानं पाठीमागं नेला. पटकन, सवयीनं, मला वाचवण्यासाठी. हे तो कुणाकडून शिकला ते मला कळलं आणि मान वर करवेना.

"गाणं नाही," मी म्हणालो. "माझे वडील आहेत. त्यांचा आवाज. आलोक, सात वर्षांपूर्वी इथं बसायचे ते. मी तुला सांगितलं होतं, गावाकडचे आहेत एक म्हणून. ते माझे वडील होते. सुपडू नाव त्यांचं. मी खोटं बोललो तुझ्याशी."

आलोकनं कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे पाहिलं. "कोण रे? कधी?" तो म्हणाला. "मला नाही बुवा काही आठवत. इथं इतकी माणसं येतात-जातात." त्यानं चष्मा माझ्या हातात दिला, माझ्या खांद्यावर थोपटलं, "उन्हाचा त्रास होतोय का तुला? पाणी पाठवू?" मी नको म्हणालो. तो वर गेला. त्याची खोकी राहिली होती.

ज्याच्यासाठी मी बापाला गाववाला केलं, त्याला तो बापही आठवत नव्हता आणि गाववालाही. इतकी वर्षं मी ते वाक्य छातीवर दगड ठेवावा तसं घेऊन हिंडत होतो, आणि ज्यानं ते ऐकलं त्यानं ते लिफ्टमध्ये शिरता शिरताच टाकून दिलं होतं. खरोखर ऐकणारे फक्त दोघं होते. आबा गेले होते, आणि दुसरा माझ्यासमोर फोन घेऊन उभा होता.

"साहब," तौफीक म्हणाला, "एक नाम बाक़ी है." तो माझ्याकडे बघत नव्हता. तो फोनकडेच बघत होता, माझा चेहरा मला सावकाश आवरता यावा म्हणून. त्यानं बटण दाबलं. पडद्यावर लाल आकडे धावायला लागले. त्यानं विचारलं, आबांनी शिकवलेलं, त्याच चालीत, "आगळ कोण?"

"सुपडूचा नंदकुमार," मी म्हणालो. आवाज बारीक आला. मी पुन्हा, मोठ्यानं म्हणालो. बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसानं वळून पाहिलं.

"कहाँ बैठा है?"

मला उत्तर माहीत होतं. सहाव्या वर्षापासून पाठ होतं. एकच शब्द होता, तोंडात आला होता, आणि मी त्यांच्याच खुर्चीत बसलो होतो, त्यामुळे तो म्हणायला हरकतही नव्हती. आकडे पुढं सरकत होते. तौफीक थांबला होता. त्याला थांबायची सवय होती.

"साइटवर," मी म्हणालो.